कापसाचा धूर आणि तुराटीचं माप

ज्वारीच्या उभ्या पिकात शिरलेला घोडेस्वार समोरच्या तोफेला दिसतो की नाही? कामरगावच्या एका इतिहासाच्या शिक्षकांनी या प्रश्नावर जेवढा विचार केला, तेवढा बहुधा १८०३ साली इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीनेही केला नसेल. वेलस्लीला उत्तर डोळ्यांनी मिळत होतं. सरांना ते नियमात लिहायचं होतं, आणि तेही असं की सातवीतल्या पोरांना भांडायला जागा उरू नये.

कामरगाव हे वाशिम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातलं गाव. कपाशी, सोयाबीन आणि तुरीचा हा मुलूख. सरांची तक्रार जुनीच होती: पाठ्यपुस्तकातल्या लढाया नेहमी सह्याद्रीत होतात, वऱ्हाडातली पोरं त्या दुरून वाचतात. खरं तर इतिहास त्यांच्या अंगणात घडून गेलेला. १६७० मध्ये सुरतेची दुसरी लूट झाल्यावर शिवाजी महाराजांची फौज थेट कारंज्यापर्यंत आली होती. १७२४ मध्ये निजामाने मुबारिजखानाला हरवलं ते साखरखेर्ड्याला, शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात. आणि २९ नोव्हेंबर १८०३ रोजी नागपूरकर भोसले आणि इंग्रज समोरासमोर आले ते अकोला जिल्ह्यातल्या आडगावला. सरांनी यातली आडगावची लढाई निवडली आणि ती टेबलावर खेळायची ठरवली.

सैन्य आयतं मिळालं. दिवाळीत किल्ल्यावर मांडायचे मातीचे मावळे घरोघरी खोक्यात पडून असतात. कुणाचा भाला मोडलेला, कुणाची मान एकदा फेविकॉलने चिकटवलेली. पोरांनी आपापली खोकी आणली तेव्हा पहिली अडचण उभी राहिली. एका घरचा मावळा बोटाएवढा, दुसऱ्या घरचा वीतभर. भाजीवाली, विहिरीवरची बाई आणि वाघ हेही भरती व्हायला हजर. उंचीवरून शिपायांचं माप ठरवणं शक्य नव्हतं. सरांनी गावातल्या सुताराकडून प्लायवूडच्या एकसारख्या आयताकृती फळ्या कापून घेतल्या आणि सांगितलं, फळी म्हणजे पलटण. तिच्यावर दोन मोठे मावळे उभे करा किंवा पाच लहान, खेळात हलते ती फळी, लढते ती फळी, मरते तीही फळीच. जगभरचे हौशी खेळाडू हेच करतात. इंग्लंडमध्ये फिल बार्कर यांच्या नावाशी जोडलेल्या, १९९० मध्ये आलेल्या ‘डीबीए’ नावाच्या नियमावलीत प्रत्येक बाजूला अशा फक्त बारा फळ्या असतात, आणि तेवढ्यावर प्राचीन काळातली कुठलीही लढाई तासाभरात उरकता येते.

आता चालीचं माप. फूटपट्टी ठेवली तर पोरं मिलिमीटरवर येतात. वितीने मोजलं तर मोठ्या हाताचा मुलगा लवकर पोचतो. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ नावाचं छोटं पुस्तक लिहिलं. खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईला सामान्य वाचकांसमोर नीट नियमांत बसवणाऱ्या सुरुवातीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. त्यात पायदळाची चाल एक फूट आणि घोडदळाची दोन फूट, आणि मोजायला दोरी. सरांनी दोरी घेऊन पाहिली. ती ताणली की लांबते, सैल सोडली की आखूड होते, आणि पोरांना हे लगेच कळलं. शेवटी तुराटी कामाला आली. तूर झोडपून झाल्यावर शेताच्या धुऱ्यावर तुराट्यांचा ढीग पडलेलाच असतो. त्यातल्या सरळ काड्या निवडून दोन मापांत तोडल्या: आखूड काडी पायदळाची, तिच्या दुप्पट लांब काडी घोडदळाची. तुराटी वाकत नाही, ताणली जात नाही, मोडली तर नवी फुकट मिळते. शिवाय एकाच वेळी दोन्ही बाजूंच्या हातात माप असल्याने मोजण्याची पाळी यायची वाट पाहावी लागत नाही. तेव्हापासून नियमावलीत कुठेही इंच वा सेंटिमीटर नाही, फक्त आखूड काडी आणि लांब काडी.

तोफांचं काय करायचं? वेल्सकडे स्प्रिंगची खेळण्यातली तोफ होती. तिच्यातून लाकडी नळकांडी सुटायची आणि ज्या शिपायाला लागेल तो मेला. पोरांना ही कल्पना फारच आवडली. सरांना आवडली नाही, कारण मातीच्या मावळ्याला एकदा नळकांडी लागली की तो पुढच्या दिवाळीलाही मेलेलाच राहतो. म्हणून नेमबाजीऐवजी फासे आले.

आडगावच्या लढाईने मात्र साधा फासाही पुरेसा ठरू दिला नाही. त्या दुपारी वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांच्या फौजा एकत्र होत्या. समोर रघूजी भोसल्यांचे बंधू व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांच्या हाताखालची भोसल्यांची फौज आणि बाजूला शिंद्यांचं घोडदळ. मराठ्यांच्या तोफा सुरू झाल्या आणि इंग्रजांच्या देशी शिपायांच्या तीन पलटणी फुटून पळाल्या. याच पलटणी दोन महिन्यांपूर्वी, २३ सप्टेंबरला, असईच्या त्याहून भयंकर लढाईत पाय रोवून उभ्या राहिल्या होत्या. वेलस्ली स्वतः घोडा घालून त्यांच्यात गेला, त्यांना माऱ्याच्या टप्प्याबाहेर नेलं, पुन्हा रांगेत उभं केलं आणि लढायला परत आणलं. पुढे त्याच पलटणी व्यवस्थित लढल्या.

सरांच्या पहिल्या नियमावलीत पलटणीच्या दोनच अवस्था होत्या: जिवंत आणि मेलेली. या नियमाने आडगाव खेळताच येत नव्हतं. मेलेली पलटण परत कशी येणार? म्हणजे तिसरी अवस्था हवी, ‘फुटलेली’, आणि तिच्यातून सावरायची वाटही हवी. शिवाय असईत टिकलेली पलटण आडगावला का फुटते हे आधी कुणालाच सांगता येणार नाही, अशी अनिश्चितताही हवी.

इथे सरांनी फासा बाजूला ठेवला आणि घरातल्या जुन्या कवड्या काढल्या. फाशावर एकपासून सहापर्यंत प्रत्येक आकडा सारखाच येतो. एकदम वाईट आणि एकदम चांगला निकाल मधल्या निकालांइतकाच वारंवार पडतो. चार कवड्यांचं तसं नाही. कवडी उताणी आणि पालथी सारख्याच वेळा पडते असं धरलं, तर सोळा शक्यतांपैकी चारही पालथ्या पडण्याची एकच, एक उताणी पडण्याच्या चार, दोन उताण्यांच्या सहा, तीनच्या चार आणि चारही उताण्यांची पुन्हा एक. म्हणजे निकाल मध्याकडे ओढला जातो आणि टोकाचं काही घडलं तर सगळं टेबल ओरडतं. खऱ्या कवड्या इतक्या समतोल नसतात, प्रत्येकीचा कल वेगळा असतो. पण दोन्ही बाजू त्याच चार कवड्या टाकत असल्याने तक्रारीला जागा राहत नाही.

नियम असा बसला. पलटणीवर तोफेचा मारा झाला की कवड्या टाकायच्या. एक किंवा शून्य उताणी पडली तर पलटण फुटते, म्हणजे सोळात पाच वेळा. आधीच मार खाल्लेल्या पलटणीला दोन उताण्याही पुरत नाहीत. तिची फुटण्याची शक्यता सोळात अकरावर जाते. आणि सावरण्यासाठी सरदाराची फळी आखूड काडीच्या आत असायलाच हवी. सरदार तिथे नसेल तर कवड्या टाकायचा हक्कच नाही. वेलस्लीने प्रत्यक्ष केलं तेच खेळाडूला करावं लागतं: एकाच वेळी सगळीकडे राहता येत नाही, म्हणून कुठे धावायचं ते ठरवावं लागतं.

एवढं होईपर्यंत टेबलाची अवस्था शनिवारच्या बाजारासारखी झाली होती. कुठल्या तोफेने बार काढला, कुठली पलटण मार खाऊन आहे, कोण फुटलंय, कोण दमलंय, कुणाचा दारूगोळा संपतोय, प्रत्येक गोष्टीला वेगळी खूण. चिंचोके, सरकी, तुरीचे दाणे, शीतपेयाच्या बाटल्यांची झाकणं, बांगडीचे तुकडे. काही दिवस शेंगदाणेही होते. ती खूण टिकली नाही. लढाई रंगात आली की जखमींची संख्या आपोआप कमी व्हायची आणि कुणाचं तरी तोंड हलत असायचं.

बार काढलेल्या तोफेवर कापसाची बोंडी ठेवायची ही कल्पना एका मुलीची. घरी वेचलेल्या कपाशीतून तिने मूठभर कापूस आणला, आणि तो धूर म्हणून इतका सुरेख दिसला की बाकीच्या खुणा एकदम गरीब वाटायला लागल्या. जगभर बरेच खेळाडू धुरासाठी कापूस वापरतात. फरक एवढाच की त्यांना तो औषधाच्या दुकानातून आणावा लागतो. मग एक दिवस वर्गात पंखा सुरू झाला. भोसल्यांच्या तोफांचा धूर उडाला आणि इंग्रजांच्या तोफांवर जाऊन बसला. इंग्रजांचा खेळाडू तोफ डागायला निघाला तर समोरून आवाज आला, “सर, हे तोफ त आत्ताच उडाली होती ना? मंग पुन्ना काऊन उडवता?” कापूस तोफेवर होता, म्हणजे नियमाप्रमाणे ती उडालेली होती. खरं काय झालं होतं हे सगळ्यांना माहीत होतं, पण सिद्ध कुणालाच करता येईना. दुसऱ्या दिवशी प्रत्येक बोंडी एकेका खड्यावर फेविकॉलने चिकटवली गेली. खडा जड, कापूस हलका. पंखा सुरू, धूर जागेवर.

पंख्याच्या या प्रकरणाने सरांना एक कसोटी हाती दिली. खूण सुंदर आहे का, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की खेळ अर्ध्यावर सोडून सगळे जेवायला गेले आणि परत आले, तर निव्वळ टेबलाकडे पाहून खेळ जिथे होता तिथून सुरू करता येतो का? ज्या गोष्टीला खूण नाही ती डोक्यात ठेवावी लागते, आणि दोन डोक्यांत ती दोन तऱ्हेने राहते. उलट खुणा फार झाल्या तर कुणी त्या वाचतच नाही.

या बाबतीत दुसऱ्या महायुद्धातलं एक उदाहरण सर पोरांना आवर्जून सांगतात. १९४२ मध्ये लिव्हरपूलच्या डर्बी हाऊसमध्ये ब्रिटिश नौदलाने कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांच्या हाताखाली एक पथक उघडलं. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या व्यापारी जहाजं बुडवत होत्या, त्यावर उपाय शोधायचा होता. खोलीची जमीन हाच समुद्र. तिच्यावर नौदलातल्या तरुण मुली खडूने जहाजांच्या वाटा आखायच्या. खेळणारे अधिकारी पडद्याआडून फटीतून पाहायचे. आपल्या जहाजांच्या रेषा पांढऱ्या, त्यांना दिसायच्या. पाणबुडीच्या रेषा हिरव्या, त्या जमिनीवर असूनही पडद्यामागून दिसायच्या नाहीत. कुणाला काय माहीत आहे आणि काय नाही, एवढा मोठा नियम खडूच्या रंगात बसवला होता. एकेक चाल दोन मिनिटांची. या जमिनीवरून जवळजवळ पाच हजार अधिकारी शिकून समुद्रावर गेले.

खडूच्या रंगाची ही युक्ती सांगून झाली की सर पोरांना विचारतात, आपली कुठली खूण काढून टाकता येईल? यातूनच सगळ्यात चांगली सुधारणा झाली. फुटलेल्या पलटणीवर ठेवायचं बाटलीचं झाकण गेलं. त्याऐवजी फळीच उलटी फिरवायची, मावळ्यांची पाठ शत्रूकडे. टेबलावर नजर टाकली की कोण पळतंय ते दिसतं. ‘दमलेली’ ही अवस्था नियमांतूनच गेली, कारण ती असल्याने कुणाचाच निर्णय कधी बदलत नव्हता. दारूगोळ्याचा हिशेबही गेला. आडगावची लढाई दुपार कलल्यावर सुरू झाली आणि चांदण्यात पाठलाग होऊन संपली. एवढ्या वेळात तोफा रिकाम्या पडल्या असं कुठे वाचायला मिळत नाही. आता टेबलावर खुणा उरल्या त्या दोन: उडालेल्या तोफेवर खड्यावरचा कापूस, मार खाल्लेल्या पलटणीवर चिंचोका.

नियम आधी फुगतात आणि मग कापावे लागतात, हे मोठ्यांच्या बाबतीतही झालेलं आहे. प्रशियाच्या लष्करात राइसविट्झ या लेफ्टनंटने १८२४ मध्ये नकाशावरचा युद्धखेळ मांडला. लाल आणि निळे ठोकळे, फासे, तक्ते आणि निवाड्याला पंच. पुढच्या पन्नास वर्षांत तक्ते वाढत गेले आणि खेळ इतका संथ झाला की अधिकारी कंटाळले. १८७६ मध्ये व्हर्डी द्यू व्हर्नुआ या जनरलने तक्ते आणि फासे जवळजवळ सगळे बाजूला सारले आणि निवाडा अनुभवी पंचावर सोपवला. सरांना हा उपाय पटतो, पण वर्गात चालत नाही. पंच होणार ते सरच, आणि मग हरलेल्या पोराला लढाई नाही, सर हरवतात.

म्हणून सरांनी स्वतःवर एक बंधन घालून घेतलं. नवा नियम आला की कागद पोरांच्या हातात द्यायचा आणि तोंड उघडायचं नाही. खेळ अडला तर अडू द्यायचा, कुठल्या ओळीवर अडला तेवढं टिपायचं. हे अवघड जातं. नियम लिहिणाऱ्याला जे म्हणायचं होतं ते त्याला कागदावर नसलं तरी दिसत असतं. आठवीतली एक मुलगी मात्र फक्त कागदावरचं वाचते. तोफ समोरच्या पलटणीवर मारा करते, असं लिहिलं होतं. तिने आपलं घोडदळ तोफेच्या फळीच्या बरोबर कोपऱ्यावर आणून ठेवलं आणि शांतपणे विचारलं, हे समोर आहे की बाजूला? उत्तर कागदावर नव्हतं. आता तोफेच्या फळीवर पुढच्या दोन कोपऱ्यांतून तिरप्या रेषा मारलेल्या आहेत. रेषांच्या आत तो समोर, बाहेर तो बाजूला. जो नियम लिहायला चार ओळी लागत होत्या तो पेन्सिलीच्या दोन रेषांत मावला.

ज्वारीचा प्रश्नही बाहेरच्यानेच सोडवला. नोव्हेंबरअखेर वऱ्हाडात ज्वारी उभी असते, म्हणून टेबलावर पोत्याचे तुकडे टाकून शेतं केली होती. पायदळ ज्वारीत लपतं हे सगळ्यांना मान्य. घोडेस्वाराचं मुंडासं वर दिसतं, असा नियम सरांनी केला होता, आणि त्यावरून दर खेळात वाद. शेवटी एका विद्यार्थ्याचे आजोबा नातवाला न्यायला आले, थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “हे आताचं हायब्रीड नोका पाहू, सर. आमच्या वक्तची गावरानी ज्वारी घोड्यावरच्या मानसालेही झाकून टाके.” संकरित ज्वारीचं पहिलं वाण भारतात आलं १९६४ मध्ये. सरांच्या डोळ्यांसमोर जी बुटकी ज्वारी होती ती १८०३ मध्ये नव्हतीच. नियम एका ओळीचा झाला: ज्वारीत असलेली कुठलीही पलटण आखूड काडीच्या आत आल्याशिवाय दिसत नाही. अपवाद गेला, वादही गेला.

एक अडचण मात्र मापाने किंवा खुणेने सुटणारी नव्हती. इंग्रज व्हायला कुणी तयार नसे. आणि भोसले झालं तर हरायचं, कारण इतिहासात हरलेत. भोसल्यांच्या बाजूने लढणारं अरबांचं पायदळ इंग्रजांच्या ७४ व्या आणि ७८ व्या पलटणींवर तुटून पडलं आणि तिथेच कापलं गेलं. अंधार पडेपर्यंत ३८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. १५ डिसेंबरला गाविलगडचा किल्ला पडला, १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला आणि वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलं. खेळात हे उलटं करता येतं, पण मग आडगाव खेळण्याला अर्थ काय? सरांनी जिंकण्याची व्याख्या बदलली. टेबलावर भोसल्यांच्या सहा तोफा, एकेक तोफ म्हणजे खऱ्या सहा-सात. सूर्य मावळायच्या आत त्यातल्या दोन जरी मागे काढता आल्या, तरी भोसले जिंकले. इंग्रजांनी मैदान मारलं आणि तोफा निसटल्या तर विजय त्यांचा नाही. आता भोसल्यांकडून खेळणारा मुलगा कुठली पलटण पुढे करून तोफांना वेळ मिळवून द्यायचा याचा विचार करतो, आणि त्या पलटणीचं काय होणार हे त्याला ठाऊक असतं. त्या निर्णयाआधी वर्गात जी शांतता पसरते ती धडा वाचताना कधी पसरत नाही, असं सर सांगतात.

शाळेत लढाईचा खेळ कशाला, असा प्रश्न पालकांकडून येतो आणि तो रास्त आहे. सर वाद घालत नाहीत. वेल्सने आपल्या पुस्तकाच्या शेवटी खऱ्या युद्धापेक्षा हे छोटं युद्ध किती बरं, असंच लिहिलं होतं, आणि पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं, एवढं सांगून थांबतात.

सध्याची नियमावली एका फुलस्केप कागदाच्या दोन बाजूंवर मावते. पूर्वी ती वहीभर होती. लढाई दोन तासिकांत संपते. सरांच्या मते अजून एक जागा कच्ची आहे: शिंद्यांचं घोडदळ टेबलावर फार भारी पडतं, त्याला लगाम घालायचा आहे.

या दिवाळीला किल्ला मोडाल तेव्हा मावळे फेकू नका. भाले मोडलेले असले तरी चालतील. चार कवड्या, दोन तुराट्या आणि चिमूटभर कापूस काढून ठेवा, आपल्या तालुक्यात झालेली एखादी लढाई शोधा, नियम एका पानात लिहा आणि ते पान अशा माणसाच्या हातात द्या ज्याला तुम्ही काहीच समजावून सांगितलेलं नाही.